मासिकाला पट्टी लावा: लहान आकाराच्या मासिकांकडून संशोधकाने काय शिकावं?

नियतकालिकांवर संशोधन करायचं ठरवलं की पहिला तक्ता सगळ्यांचा साधारण सारखाच होतो. मासिकाचं नाव, संपादक, सुरू झाल्याचं वर्ष, बंद पडल्याचं वर्ष, वर्गणी, महत्त्वाचे लेखक. झालंच तर विशेषांकांची यादी. या तक्त्यात एक रकाना सहसा नसतो, तो म्हणजे अंकाची लांबी-रुंदी. "त्यात काय मोजायचं? मजकूर महत्त्वाचा," असं आपण धरून चालतो.

माझं म्हणणं उलट आहे. मासिकाचा आकार हा पुरावा असतो. ते मासिक कुणाच्या पैशावर चाललं, त्याला कागद किती मिळाला आणि ते कुठे विकलं गेलं, या तीन प्रश्नांच्या उत्तराची सुरुवात अंकाच्या लांबी-रुंदीत सापडते. मुख्य उदाहरण अमेरिकेतल्या डायजेस्ट आकाराच्या मासिकांचं घेतो. तिथे आकार कधी बदलला आणि का बदलला याची नोंद चांगली आहे, त्यामुळे पद्धत समजायला सोपं जातं. शेवटी मराठीकडे येऊ.

आधी एक गोंधळ दूर करू. आपल्याकडे 'लघुअनियतकालिक' हा शब्द रूढ आहे. त्यातलं 'लघु' हे भांडवलाचं, खपाचं आणि प्रस्थापितांना दिलेल्या नकाराचं आहे, इंचांचं नाही. एखादं लघुअनियतकालिक चांगलं मोठ्या पानाचं असू शकतं. उलट 'रीडर्स डायजेस्ट' आकाराने लहान, पण खप लाखांत. या लेखात 'लहान' म्हणजे पट्टीने मोजून लहान. प्रबंधात हे दोन अर्थ एकमेकांत मिसळले तर मौखिक परीक्षेत पहिला प्रश्न तिथेच येईल.

आकार ठरतो कुठे?

छापखान्यात पान छापलं जात नाही, ताव छापला जातो. तावाच्या घड्या घालून पानं होतात. म्हणून आपले जुने प्रकाशक 'क्राउन अष्टमांश', 'डेमी अष्टमांश' अशी भाषा वापरतात. क्राउन ताव साधारण १५ × २० इंचांचा. त्याचे आठ भाग केले की ५ × ७.५ इंचांचं पान मिळतं, चार भाग केले की ७.५ × १० इंचांचं. एका वेळी छापून घडी घातलेल्या पानांच्या जुडीला फर्मा म्हणतात, आणि तो बहुधा ८ किंवा १६ पानांचा असतो. म्हणजे आकार संपादकाच्या मनात आला म्हणून ठरत नाही. कोणता ताव बाजारात मिळतो, यंत्रावर कोणता बसतो आणि किती वाया जातो, यावर तो ठरतो.

आता अमेरिकेकडे. फ्रँक मन्सी यांनी १८९६ मध्ये 'आर्गसी' हे मासिक फक्त कथांचं केलं आणि ते लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या स्वस्त, खरखरीत कागदावर छापायला घेतलं. 'पल्प' हे नाव त्या कागदावरून आलं. पल्प मासिकांचा आकार साधारण ७ × १० इंच. गुप्तहेरकथा, काउबॉयकथा, विज्ञानकथा असे लोकप्रिय कथाप्रकार पुढची पन्नास वर्षं याच आकारात वाढले.

डायजेस्ट आकार म्हणजे साधारण ५.५ × ७.५ इंच. डेविट आणि लायला वॉलेस या दांपत्याने फेब्रुवारी १९२२ मध्ये 'रीडर्स डायजेस्ट'चा पहिला अंक काढला, तो याच सुमाराच्या आकारात. महिन्याच्या दिवसांइतके, म्हणजे ३१ लेख, किंमत २५ सेंट. दुसऱ्या मासिकांतले लेख संक्षिप्त करून द्यायचे, कोटाच्या खिशात मावेल असा अंक करायचा आणि तो टपालाने पाठवायचा, अशी कल्पना. स्टॉलवर तो १९२९ पासून दिसू लागला.

इथे एक गोष्ट चटकन नजरेतून सुटते. अमेरिकेतल्या 'रीडर्स डायजेस्ट'ने १९५५ पर्यंत जाहिराती घेतल्या नाहीत. पैसा वर्गणीदाराकडून येत होता, म्हणून पान किती मोठं ठेवायचं हे जाहिरातदाराला विचारावं लागलं नाही. लहान आकार आणि जाहिरातींचा अभाव यांना एकत्र वाचायला हवं. हा मुद्दा लक्षात ठेवा, चाळीस वर्षांनी तो उलटा होऊन परत येतो.

कागद कमी पडला तेव्हा

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सरकारने प्रकाशकांच्या कागदावर मर्यादा घातल्या. अशा वेळी प्रकाशकाकडे मोजकेच मार्ग उरतात: अंक कमी काढायचे, पानं कमी करायची, आकार कमी करायचा, नाहीतर एखादं मासिकच बंद करायचं.

स्ट्रीट अँड स्मिथ या प्रकाशनसंस्थेचं 'ॲस्टाउंडिंग सायन्स फिक्शन' हे त्या काळातलं विज्ञानकथांचं सर्वांत वजनदार मासिक, संपादक जॉन डब्ल्यू. कॅम्पबेल. जानेवारी १९४२ मध्ये या मासिकाचा आकार पल्पपेक्षाही मोठा केला होता. मे १९४३ मध्ये ते पुन्हा पल्प आकारात आलं आणि नोव्हेंबर १९४३ मध्ये डायजेस्ट आकारात. दोन वर्षांच्या आत तीन आकार! संपादक तोच, लेखक बरेचसे तेच. नुसती अनुक्रमणिका वाचणाऱ्याला या सगळ्याचा पत्ताही लागणार नाही.

आता जरा गणित करा. ७ × १० म्हणजे ७० चौरस इंच. ५.५ × ७.५ म्हणजे सुमारे ४१ चौरस इंच. तेवढीच पानं ठेवली तर दर अंकामागे साधारण चाळीस टक्के कागद वाचतो. टंचाईच्या काळात चाळीस टक्के म्हणजे मासिक जगणं किंवा मरणं. आणि एक मासिक मेलंच. कॅम्पबेल यांचं दुसरं मासिक, अद्भुतकथांचं 'अननोन', ऑक्टोबर १९४३ च्या अंकानंतर बंद झालं. कागद दोघांना पुरणार नव्हता. 'ॲस्टाउंडिंग' दर महिन्याला निघत राहावं म्हणून 'अननोन'चा बळी गेला.

साहित्याच्या इतिहासात आपण "अमुक प्रकाराची लाट ओसरली", "वाचकांची अभिरुची बदलली" अशी वाक्यं सहज लिहितो. 'अननोन'बद्दल असं वाक्य लिहिलं तर ते चुकेल. अशा वाक्याआधी निदान त्या वर्षीचा कागद तपासायला हवा.

मासिकाच्या यंत्रावर छापलेली पुस्तकं

लहान मासिकांचा प्रकाशनाच्या इतिहासातला वाटा मासिकांपुरता राहिला नाही. याचं उत्तम उदाहरण म्हणजे अमेरिकन सैनिकांसाठी काढलेल्या 'आर्म्ड सर्व्हिसेस एडिशन्स'. १९४३ ते १९४७ या काळात १,३२२ पुस्तकं या मालेत निघाली, प्रतींची संख्या बारा कोटींच्या वर. सैनिकांना ती फुकट वाटली गेली.

ही पुस्तकं उभी नसून आडवी असतात, म्हणजे उंचीपेक्षा रुंदी जास्त. कारण छापखान्यात आहे. ती छापायला मासिकांची रोटरी यंत्रं वापरली, काही डायजेस्ट आकाराची, काही पल्प आकाराची. मासिकाच्या एका पानावर वर एक पुस्तक आणि खाली दुसरं पुस्तक छापायचं, पिन मारून बांधायचं आणि मग मधोमध आडवं कापायचं. डायजेस्टचं ५.५ × ७.५ चं पान निम्मं केलं की साधारण ५.५ इंच रुंद आणि पावणेचार इंच उंच असं पुस्तक मिळतं. गणवेशाच्या खिशात बरोबर मावणारं! ओळ फार लांब होऊ नये म्हणून मजकूर दोन स्तंभांत.

यातून एक मजेशीर अडचण आली. वरचं आणि खालचं पुस्तक एकदमच छापलं आणि कापलं जात असल्यामुळे दोघांची पानं सारखी भरावी लागत. म्हणजे कोणत्या पुस्तकाची जोडी कोणाशी लावायची हा साहित्याचा नसून लांबीचा प्रश्न झाला, आणि काही पुस्तकं संक्षिप्तही करावी लागली.

एफ. स्कॉट फिट्झेराल्ड यांची 'द ग्रेट गॅट्सबी' ही कादंबरी या मालेत निघाली, सुमारे १,५५,००० प्रती. लेखक १९४० साली वारला तेव्हा ती जवळपास विस्मरणात गेली होती. युद्धानंतर तिला जी प्रतिष्ठा मिळाली त्यात समीक्षकांचा वाटा आहेच, पण सैनिकांच्या खिशातल्या या प्रतींचाही मोठा वाटा मानला जातो. अभिजात कादंबरीच्या चरित्रात डायजेस्ट आणि पल्प मासिकांचं यंत्र असं येऊन बसलं आहे.

लहान आकाराला प्रतिष्ठा कशी मिळाली?

टंचाई संपल्यावर मासिकं परत मोठी व्हायला हवी होती. तसं फारसं झालं नाही. 'एलरी क्वीन्स मिस्टरी मॅगझिन' १९४१ मध्ये, अमेरिका युद्धात उतरण्याआधीच, डायजेस्ट आकारात निघालं होतं. १९४९ मध्ये त्याच प्रकाशकाने अद्भुतकथांचं मासिक काढलं, ते पुढे 'द मॅगझिन ऑफ फँटसी अँड सायन्स फिक्शन' या नावाने प्रसिद्ध झालं. मजकूर एका स्तंभात, आतमध्ये चित्रं जवळपास नाहीत. हातात घेतल्यावर ते पल्पपेक्षा पुस्तकाजवळचं वाटावं अशी मांडणी. ऑक्टोबर १९५० मध्ये एच. एल. गोल्ड यांच्या संपादनाखाली 'गॅलक्सी' निघालं, तेही डायजेस्ट. मुखपृष्ठाचा कागद मुद्दाम महागडा, चकचकीत. १९५३ मध्ये जुन्या 'अमेझिंग स्टोरीज'नेही डायजेस्ट आकार घेतला. १९५८ मध्ये 'सायन्स फिक्शन क्वार्टर्ली' बंद पडलं आणि पल्प आकारातलं विज्ञानकथांचं शेवटचं मासिक संपलं.

या काळात स्पर्धा कुणाशी होती? १९३९ पासून 'पॉकेट बुक्स'ची २५ सेंटांची खिशात मावणारी पुस्तकं मासिकांच्याच वितरणव्यवस्थेतून दुकानांत पोहोचत होती. त्याच ग्राहकाला, त्याच दुकानात आता कादंबरी मिळू लागली. त्या शेजारी जाड, खरखरीत, भडक पल्प मासिक जुनाट दिसू लागलं. डायजेस्ट आकार पुस्तकाजवळचा होता.

आता थांबा. इथपर्यंत वाचून "लहान झाले ते वाचले, मोठे राहिले ते मेले" असं सूत्र मांडायचा मोह होतो. हे सूत्र मार्गदर्शकाला दाखवण्याआधी त्याच प्रकाशकाची दुसरी मासिकं तपासा. स्ट्रीट अँड स्मिथची 'द शॅडो' आणि 'डॉक सॅव्हेज' ही लोकप्रिय मासिकंही युद्धकाळात डायजेस्ट झाली. शेवटच्या काही अंकांसाठी त्यांना परत पल्प आकार दिला, आणि १९४९ मध्ये संस्थेने आपली पल्प मासिकं बंद केली तेव्हा दोन्ही गेली. 'ॲस्टाउंडिंग' मात्र राहिलं. आकारबदलाचं कारण एक, प्रकाशक एक, शेवट वेगळा. पुढे १९५७ मध्ये अमेरिकन न्यूज कंपनी या बलाढ्य वितरकाने काम गुंडाळलं तेव्हा त्या धक्क्यात डायजेस्ट आकाराची मासिकंही बुडाली.

तेव्हा आकार हे कारण आहे की परिणाम, हे दर वेळी नव्याने शोधावं लागतं. आकार आपल्याला उत्तर देत नाही, प्रश्न कुठे विचारायचा ते दाखवतो.

जाहिरातदार परत येतो

'ॲस्टाउंडिंग'चं नाव १९६० मध्ये 'ॲनालॉग' झालं. तोवर स्ट्रीट अँड स्मिथ ही संस्था 'व्होग'च्या प्रकाशकांनी, कॉन्डे नास्ट यांनी, विकत घेतली होती. त्यांची इतर मासिकं मोठ्या आकाराची आणि जाहिरातींवर चालणारी. डायजेस्टच्या लहान पानासाठी जाहिरातदार वेगळे ठसे करून देणार कशाला? म्हणून मार्च १९६३ पासून 'ॲनालॉग' मोठ्या आकारात निघू लागलं. अपेक्षित जाहिराती काही आल्या नाहीत. पंचवीस अंकांनंतर, एप्रिल १९६५ मध्ये, मासिक पुन्हा डायजेस्ट आकारात आलं.

'रीडर्स डायजेस्ट'ची बाजू इथे उलटी दिसते. तिथे जाहिरात नव्हती म्हणून लहान राहता आलं, इथे जाहिरात हवी होती म्हणून मोठं व्हावं लागलं.

एक तपशील बघा. फ्रँक हर्बर्ट यांच्या 'ड्यून' या कादंबरीचा दुसरा भाग 'ॲनालॉग'मध्ये जानेवारी ते मे १९६५ असा क्रमशः आला. म्हणजे पहिले तीन हप्ते मोठ्या पानावर आणि शेवटचे दोन लहान पानावर. आज आपण ही कादंबरी एकसंध पुस्तक म्हणून वाचतो. तिच्या पहिल्या वाचकांसाठी ती मध्येच आकार बदलणारी वस्तू होती.

मग आपण काय करायचं?

मराठीत हा मुद्दा लागू होतो का? होतो, पण उदाहरणं उचलून चालणार नाही, पद्धत उचलावी लागेल. 'रीडर्स डायजेस्ट'ची भारतीय आवृत्ती १९५४ मध्ये सुरू झाली. नाशिकचं 'अमृत', हिंदीतलं 'नवनीत' ही डायजेस्ट धाटणीची मासिकं आपल्याकडे वाचली गेली. दुसऱ्या टोकाला १९५४ मध्ये दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ या मंडळींनी काढलेलं 'शब्द' हे सायक्लोस्टाइल केलेलं. सायक्लोस्टाइलमध्ये पान किती मोठं असावं हे स्टेन्सिल ठरवतं, तिथे फर्म्याचा प्रश्नच नाही. छापखान्याच्या फर्म्यातून येणारं 'सत्यकथा' आणि स्टेन्सिलवरून उमटणारं 'शब्द' यांची तुलना करताना आपण भूमिकेबद्दल, भाषेबद्दल भरभरून लिहितो. कवितेची ओळ किती लांब जाऊ शकत होती, अंकात किती पानं परवडत होती, पिन कुठे मारली होती, हेही त्या तुलनेत यायला नको का?

संदर्भासाठी ग्रंथालयात बसाल तेव्हा निदान एवढं कराच:

१. प्रत्येक वर्षातला एक तरी अंक मिलिमीटरमध्ये मोजा. आधी उंची, मग रुंदी. आकार बदललेला दिसला तर बदल नेमका कोणत्या महिन्यात झाला ते शोधा.

२. बांधीव खंडावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. बाइंडिंग करताना कडा कापल्या जातात, मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं कधी कधी काढून टाकली जातात. समास संशयास्पद वाटेल इतका अरुंद असेल, तर सुटा अंक शोधा. तो रद्दीवाल्याकडे किंवा एखाद्या जुन्या वर्गणीदाराच्या माळ्यावर मिळू शकतो.

३. एका पूर्ण पानातले शब्द मोजा आणि पानांच्या संख्येने गुणा. आकार लहान झाला म्हणजे मजकूर कमी झाला असं नसतं, टाइप बारीक केलेला असू शकतो.

४. जाहिरातींची पानं वेगळी मोजा. आकार बदलायच्या आधी आणि नंतर, दोन्हीकडची.

५. बांधणी लिहून ठेवा: मधोमध पिन, बाजूने पिन की शिवण? कागद लगद्याचा की गुळगुळीत?

६. फोटो काढताना पानाशेजारी पट्टी ठेवा.

शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण सगळ्यात तातडीचा तोच आहे. स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये सगळी मासिकं एकाच आकाराची दिसतात. 'रीडर्स डायजेस्ट'चं पान आणि वर्तमानपत्राचं पान लॅपटॉपच्या पडद्यावर सारखंच भरतं. बऱ्याच ठिकाणी स्कॅन झालं की "आता मूळ अंक कशाला?" असा विचार सुरू होतो आणि गठ्ठे रद्दीत जातात. मजकूर उरतो, पण तो मजकूर कोणत्या टंचाईतून, कुणाच्या पैशावर आणि कुणाच्या खिशातून प्रवास करत आला ते सांगणारा पुरावा जातो. तो नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने परत मिळवता येत नाही.

तुमच्या विषयातल्या मासिकाचे मूळ अंक आज कुठेतरी शेल्फवर असतील तर तुमचं नशीब चांगलं आहे. सारांशिकेत (सिनॉप्सिसमध्ये) एक रकाना वाढवा आणि ग्रंथालयात जाताना दप्तरात पट्टी टाका. वीस वर्षांनी याच मासिकावर काम करणाऱ्याकडे कदाचित फक्त पीडीएफ असेल, आणि त्याला आकार कळेल तो तुम्ही नोंदवला असेल तरच.